नोंद पुरुषांची, ओळख स्त्रियांची : कुलवृत्तांत-लेखनाची एक चिकित्सा (रायपूर-उरला परिसराच्या संदर्भात)

१. विषयाची मांडणी

मराठीतील कुलवृत्तांत हा लेखनप्रकार संख्येने मोठा आणि चर्चेत अल्प असा आहे. ग्रंथालयात तो इतिहासाच्या कपाटात जातो, इतिहासकार त्यास नातलगांनी नातलगांसाठी केलेली यादी समजून बाजूस सारतात, आणि वाङ्मयाचा अभ्यासक त्याच्याकडे क्वचितच वळतो. परिणामी विसाव्या शतकभर सातत्याने लिहिल्या गेलेल्या या वाङ्मयाची साधनचिकित्सा पुरेशी झाली नाही आणि रूपचिकित्सा तर त्याहून कमी झाली. घराण्याची माहिती गोळा करणारा संपादक कोणत्या कागदावर विश्वास ठेवतो, कोणता कागद त्याच्या नजरेस पडत नाही, आणि घरातील जुन्या छायाचित्रांचे तो काय करतो, हे प्रश्न विचारल्याशिवाय या प्रकाराचे मूल्यमापन शक्य नाही.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न छत्तीसगडातील, विशेषतः रायपूर आणि त्याच्या उत्तरेकडील उरला या औद्योगिक परिसरातील मराठी कुटुंबांच्या संदर्भात विचारले आहेत. हा परिसर निवडण्याचे कारण उघड आहे. एखाद्या लेखनप्रकाराची मर्यादा त्याच्या मध्यभागी दिसत नाही, ती कडेला दिसते. मूळ गावात राहिलेल्या घराण्याला कुलवृत्तांताचा साचा बेतून शिवल्यासारखा बसतो. जे घर दोनशे वर्षांपूर्वी, शंभर वर्षांपूर्वी किंवा चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या भाषेच्या मुलखात गेले, त्या घराला तो उसवू लागतो. लेखाचे प्रतिपाद्य असे की, कुलवृत्तांताचा पाया असलेली नोंद ही प्रायः हक्काची आणि म्हणून पुरुषांची नोंद आहे. तिला पुरे करणारी ओळख, म्हणजे चेहरा, नाते, माहेर आणि प्रसंग यांची जाण, मुख्यतः घरातील स्त्रियांकडे राहिली आहे. या दुसऱ्या साधनाला ग्रंथात पुराव्याचे स्थान मिळत नाही, हा या प्रकाराचा मूलभूत दोष आहे.

२. करीना ते कुलवृत्तांत

कुलवृत्तांताचा उगम केवळ पूर्वजभक्तीत शोधणे चुकीचे ठरेल. मराठी कागदपत्रांत घराण्याची हकीकत प्रथम दिसते ती वतनाच्या भांडणात. करीना, कैफियत, महजर आणि त्यांस जोडलेली वंशावळ हे सर्व प्रकार ‘हे वतन आमचे कसे’ एवढे सिद्ध करण्यासाठी लिहिले गेले. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हा मुंबई इलाख्यातील घराण्यांना आपल्या सनदा आणि वंशावळी पुन्हा एकदा उघडाव्या लागल्या. पूर्वज आठवण्याची निकड अशा रीतीने सरकारी दप्तराने निर्माण केली. पुढे वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. घरातील दप्तर हे राष्ट्राच्या इतिहासाचे साधन आहे ही जाणीव या काळात रुजली, आणि विसाव्या शतकातील कुलवृत्तांतांनी तिच्यापासून प्रतिष्ठा घेतली.

या ग्रंथांची रचना बहुधा ठराविक असते. प्रारंभी आडनावाची व्युत्पत्ती, गोत्र, कुलस्वामिनी आणि मूळ गाव. नंतर मूळ पुरुष. त्यापुढे घराणी, शाखा आणि पिढ्या यांना दिलेले क्रमांक. प्रत्येक क्रमांकाखाली जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे माहेरचे नाव, मुले. या रचनेत शिस्त आहे आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पत्नीच्या माहेरचा उल्लेख आणि मुलींच्या सासरची नोंद ही विसाव्या शतकातील संपादकांनी जाणीवपूर्वक घातलेली भर होय. तथापि, तक्त्याचे तर्कशास्त्र त्यामुळे बदलत नाही. ज्या शाखेत केवळ मुली आहेत ती शाखा तेथेच थांबते. सून एका ओळीत ग्रंथात प्रवेश करते आणि मुलगी एका ओळीत बाहेर जाते. स्थलांतर केलेल्या शाखेचे तसेच होते. अमुक पिढीतील अमुक पुरुष नोकरीनिमित्त नागपूर, जबलपूर किंवा रायपूर येथे गेला असे एक वाक्य येते आणि त्यापुढचे वृत्त विरळ होत जाते. स्त्री आणि स्थलांतरित या दोघांना या साच्यात सारखीच वागणूक मिळते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

३. तुलनेसाठी आयर्लंड

जुन्या नोंदी आणि छायाचित्रे यांच्या आधारे कुटुंबाचा शोध घेण्याची परंपरा ज्या देशांत विशेष विकसित झाली त्यांत आयर्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे, कारण तेथील परंपरा नाशातून उभी राहिली. ३० जून १९२२ रोजी, यादवीच्या आरंभी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच पूर्वी नष्ट केले होते, तर १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील घराघराची गणना जवळजवळ संपूर्ण हरवली. सर्वसाधारण नागरी नोंदणीही १८६४ पासूनची.

या पोकळीत आयरिश संशोधकांनी पर्यायी साधने शोधली. त्यांत प्रमुख म्हणजे १८४७ ते १८६४ या काळात झालेले ग्रिफिथचे मूल्यांकन. मूळ हेतू स्थानिक कर बसविण्याचा होता. परंतु जमीन आणि घर यांचा वापर कोण करतो व ते कोणाकडून घेतले आहे हे त्यात नोंदविल्यामुळे कुळाचे आणि साध्या झोपडीत राहणाऱ्याचेही नाव हाती लागते. दुसरे साधन म्हणजे सुरक्षित राहिलेल्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना. १९११ च्या पत्रकात विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षे झाली, किती अपत्ये झाली आणि किती हयात आहेत हेही विचारले होते. एका ओळीतील हे आकडे अनेकदा संपूर्ण घराच्या दुःखाची नोंद ठरतात. तिसरे साधन छायाचित्रांचे. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लॉरेन्स संग्रहात सुमारे चाळीस हजार काचेच्या प्रती आहेत. त्यांतील रस्ते, घाट, बाजार यांच्या चित्रांवरून कौटुंबिक छायाचित्रांची पार्श्वभूमी आणि काळ ताडून पाहता येतो.

या तुलनेचा हेतू आयर्लंडचे अनुकरण सुचविण्याचा नाही. त्यातून एक पद्धतिशास्त्रीय तत्त्व मिळते : मुख्य नोंद नसेल तेव्हा दुसऱ्या कारणासाठी केलेली नोंद कामी येते, मात्र ती कोणत्या कारणासाठी केली हे सतत ध्यानात ठेवावे लागते. भारतातील जनगणनेचे घराघरांचे तपशील कुटुंबशोधासाठी उपलब्ध नसतात. म्हणून आपल्याकडे सुरुवातीपासूनच पर्यायी साधनांवर विसंबावे लागते. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, बंदोबस्ताचे कागद, कोटवाराने ठाण्यावर कळविलेले जन्ममृत्यू, शाळेचे दाखिल-खारीज पुस्तक ही ती साधने होत.

४. रायपूर परिसरातील तीन थर

छत्तीसगडातील मराठी वस्ती एका वेळी आली नाही, आणि प्रत्येक थराने मागे ठेवलेला कागद वेगळा आहे.

पहिला थर भोसल्यांचा. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून कारभार केला. त्यांच्यानंतर १८१८ पर्यंत सुभेदारांचा अंमल होता. परगण्यांची नवी व्यवस्था, कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे अशी पदे आणि त्यांबरोबर मोडी लिपीतील मराठी हिशेब या काळात येथे आले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांच्या काळात कारभाराचे केंद्र रतनपूरहून रायपूरला आले. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूर राज्याबरोबर खालसा झाला. या थरातील घराण्यांची साधने म्हणजे मोडी कागद, सनदा आणि देवस्थानांशी संबंधित व्यवहार. त्यांची परंपरागत हकीकत ‘भोसल्यांच्या फौजेबरोबर आलो’ या एका वाक्यात आटोपते. ही हकीकत खोटी मानण्याचे कारण नाही, पण ती पुरावाही नाही. फौजेबरोबर आलेला शिलेदार, सुभ्याबरोबर आलेला कारकून आणि पुढे तीस-चाळीस वर्षांनी नातलगाच्या आधाराने आलेला भिक्षुक या तिघांच्याही घरी तीच हकीकत सांगितली जाणे स्वाभाविक आहे. मोडी वाचणारे घरात कोणी उरले नाही की कागदापेक्षा हकीकत मोठी होते.

दुसरा थर मध्य प्रांताचा. १८६१ मध्ये हा प्रांत स्थापन झाला आणि नागपूर ही राजधानी झाली. १८८८ मध्ये रेल्वे रायपूरपर्यंत पोहोचली. शाळा, न्यायालय, तहसील, रेल्वे यांतील नोकऱ्यांनी नागपूर-विदर्भातील सुशिक्षित कुटुंबे येथे आणली. या थराने केवळ नोकरदार दिले असे नव्हे. १९०० मध्ये पेंड्रा येथून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तर प्रकाशक वामन बळीराम लाखे होते. तिघेही मराठी घरांतील. लाख्यांचे नाव रायपूरच्या लाखेनगर वस्तीने जपले आहे. या थराचा कागद विपुल आहे, पण विखुरलेला. नेमणुकीचे हुकूम, शाळेची पुस्तके, खरेदीखते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छायाचित्रे, ही त्याची साधने होत.

तिसरा थर उद्योगांचा. भिलाई पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतरच्या दशकांत रायपूरभोवती पोलादावर आधारलेले लहानमोठे कारखाने उभे राहिले. बीरगावला लागून असलेले उरला हे त्यांतील प्रमुख क्षेत्र. रोलिंग मिल, लोहमिश्रधातू, स्पंज आयर्न यांच्या कारखान्यांत काम करण्यासाठी छत्तीसगडातील खेड्यांबरोबरच ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश आणि विदर्भ येथून कामगार आले. या विदर्भीय कामगारांच्या घरी कुलवृत्तांत नसतो. मूळ पुरुष, सनद, गोत्रमालिका यांपैकी काही नसते. साच्यानुसार पाहता त्यांना ‘वृत्त’च नाही. वस्तुतः वृत्ताची व्यावहारिक गरज आज सर्वाधिक त्यांनाच आहे.

५. जमिनीचा कागद आणि झोपडीचा वंश

ही गरज कोणती ते स्पष्ट केले पाहिजे. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा, आणि अनुसूचित जमातींसंबंधीचा ६ सप्टेंबर १९५० चा. जातीचा दाखला मागणाऱ्या कुटुंबाला त्या काळात आपले पूर्वज कोठे राहत होते हे दाखवावे लागते. छत्तीसगडात यासाठी लोक बंदोबस्ताची मिसल आणि शाळेचे दाखिल-खारीज शोधतात. येथे एक ऐतिहासिक गुंता आहे. १९५० मध्ये नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. आजोबांनी एका प्रांतातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात केलेला प्रवास नातवाच्या दृष्टीने दोन राज्यांमधला झाला, आणि त्याच्या पुराव्याचे कागद दोन राज्यांच्या दप्तरांत वाटले गेले. करीना जसा वतनाच्या भांडणात लिहिला गेला, तशीच आजची ही वंशावळही हक्काच्या दारात लिहिली जाते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचकांची निकड एकाएकी भासली. पूर्वज शोधणे हा फावल्या वेळचा छंद आहे हा समज या दोन्ही उदाहरणांनी खोटा ठरतो.

परंतु मिसल काय नोंदविते? मध्य प्रांतात १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने मालगुजारांना जमिनीचे स्वामित्व दिले. ही मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. बंदोबस्ताच्या कागदांत मालगुजार येतो, कुळे येतात, शेताचा क्रमांक येतो. ज्याला शेतच नव्हते त्याचे नाव खसऱ्यात येण्याचे कारण नव्हते. ग्रिफिथच्या मूल्यांकनात घराचीही दखल असल्यामुळे आयर्लंडमधील मजूर सापडतो. येथील भूमिहीन मात्र नोंदीच्या फटीतून निसटतो. उरल्यासारख्या गावाच्या बाबतीत दुसरा पदर असा की, शेतांवर कारखाने उभे राहिल्यावर खसरा क्रमांक आणि डोळ्यांना दिसणारी जमीन यांचे नाते तुटते. म्हातारा माणूस ‘आंब्याजवळचे शेत’ म्हणतो. कागद क्रमांक सांगतो. आणि जागेवर कुंपणाची भिंत असते. तिघांची सांगड घालणारी पिढी सरली की कागद बोलेनासा होतो.

या ठिकाणी माधवराव सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही १९०१ मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये आलेली कथा स्मरते. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते, आणि तिच्याबद्दलची बहुतेक चर्चा ‘पहिली कथा कोणती’ या वादातच अडकते. कुलवृत्तांताच्या दृष्टीने तिचे वाचन केल्यास वेगळा अर्थ हाती येतो. जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवायचे आहे. वकिलांच्या साहाय्याने तो न्यायालयातून विधवेच्या झोपडीचा ताबा मिळवितो. कागद त्याच्या बाजूने आहे. विधवेकडे काय आहे? त्याच झोपडीत तिचा पती आणि एकुलता मुलगा वारला, सूनही एका मुलीला मागे ठेवून गेली, आणि आता ती नात तेवढी उरली आहे. तीन पिढ्यांचा संपूर्ण वंश चार भिंतींत आहे, पण त्यातील एकाचेही नाव कथेत येत नाही. नावाऐवजी चुलीसाठी मागितलेली टोपलीभर माती येते. कथेच्या शेवटी जमीनदाराला ती टोपली उचलत नाही, आणि तो पश्चात्ताप पावून झोपडी परत करतो. हा शेवट बोधपर आहे व कलादृष्ट्या सुलभ आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही नोंद असलेला हक्क आणि नोंद नसलेला वंश यांचा समोरासमोर सामना तिच्यात ज्या स्पष्टपणे येतो, तसा तो पानोपानी वंशावळी छापणाऱ्या ग्रंथांत आढळत नाही. मराठी घरातून आलेल्या लेखकाने तो हिंदीत लिहिला, ही बाबही गौण नाही.

६. नावातील पिढी आणि भाषांतर

स्थलांतरित घराच्या नोंदीत आणखी एक झीज होते आणि ती नावातच होते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही मराठी त्रिपदी म्हणजे एक लहानशी वंशावळच आहे. दोन पिढ्यांची दोन नावे ओळीत ठेवली की दुवा सापडतो. हिंदी प्रदेशात मधले नाव अनिवार्य नसल्यामुळे शाळेच्या किंवा नोकरीच्या कागदात ते गळते आणि दुवाच नाहीसा होतो. ‘वामन बळीराम लाखे’ या नावात दोन पिढ्या आहेत. ‘माधवराव सप्रे’ या रूढ नावात एकच. शिवाय प्रमाण हिंदी लेखनात ‘ळ’ नसल्याने बळीरामचे बलीराम, काळेचे काले होते. आयरिश संशोधकाला आडनावापूर्वीचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ इंग्रजी नोंदीत गळल्याचे गृहीत धरूनच शोध घ्यावा लागतो. छत्तीसगडातील मराठी घराचा शोध घेणाऱ्यानेही ही गळती गृहीत धरली पाहिजे. कुलवृत्तांताचे संपादक मात्र असे रूपांतर ‘चुकीचे’ म्हणून दुरुस्त करतात आणि शुद्ध रूप छापतात. त्यामुळे ज्या रूपात ते नाव सरकारी कागदात सापडले असते ते रूपच पुसले जाते.

भाषांतराचा हा प्रश्न केवळ अक्षरांचा नाही. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे दोन सख्खे भाऊ. थोरल्याने हिंदीत लिहिले, धाकट्याने मराठीत. १९५८ पासून गजानन माधव राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक होते. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. शरच्चंद्रांनी ‘नवी मळवाट’ हा काव्यसंग्रह आणि ‘क्षिप्रा’सारख्या कादंबऱ्या मराठीला दिल्या. वंशावळीच्या तक्त्यात हे दोघे एकाच रेषेवर शेजारी शेजारी येतील, आणि दोन भाषांच्या वाङ्मयेतिहासांत दोन वेगळ्या ग्रंथांत. दोन्ही मांडण्या अपुऱ्या आहेत. एकाच घरातील दोन मुले दोन भाषांकडे का गेली, घरात कोणती भाषा बोलली जाई, आईची भाषा कोणती, तिच्या माहेरचे वळण कोणते, या प्रश्नांना तक्त्यात रकाना नाही. स्थलांतरित घराचे खरे वृत्त या रकान्याबाहेरच्या प्रश्नांत असते.

७. छायाचित्र : सजावट की साधन?

बहुतेक कुलवृत्तांतांत छायाचित्रे असतात, पण ती सजावटीसारखी. प्रारंभी संपादकमंडळ, नंतर कर्त्या पुरुषांचे अर्धाकृती चेहरे, खाली नाव आणि पदवी. समूहचित्र छापले तर ‘डावीकडून उभे’ अशी यादी येते आणि यादीत लहान मुले व काही स्त्रिया ‘इतर’ होतात. छायाचित्राला साधन मानायचे तर त्याचे वाचन वेगळ्या रीतीने करावे लागेल.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि नारायण दाजींसारखे मराठी छायाचित्रकार त्याच दशकात काम करू लागले. जिल्ह्याच्या गावी स्टुडिओ पुढे हळूहळू पोहोचले. म्हणून जुन्या चित्रात प्रथम पाहायचे ते चेहऱ्याकडे नव्हे, पुठ्ठ्याकडे. त्यावरील स्टुडिओचे नाव आणि गाव कुटुंबाच्या प्रवासाचा पुरावा असतो. रायपुरातील घरात नागपूरच्या स्टुडिओचे चित्र सापडले तर ते स्थलांतरापूर्वीचे, लग्नानिमित्तचे की सुटीतील भेटीचे, हा शोध तेथून सुरू होतो. त्यानंतर पाठीमागची अक्षरे. ती मोडी आहेत की बाळबोध, मराठी की हिंदी, शाईची की पुढे कोणी पेन्सिलीने घातलेली? मग रंगविलेला पडदा, हातातील पुस्तक, टेबलावरील घड्याळ. या वस्तू प्रायः स्टुडिओच्या असत, त्यांवरून घराच्या ऐश्वर्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे. पगडी, टोपी, नऊवारी, पाचवारी, दागिने यांवरून काळाची सीमा ठरविता येते, नेमके वर्ष नव्हे. आणि अखेरीस चित्रात कोण नाही हे पाहायचे. केशवपन केलेल्या स्त्रिया घरात होत्या, चित्रात अनेकदा नसत. ही अनुपस्थिती हादेखील पुरावाच आहे.

या सर्व वाचनानंतरही एक गोष्ट पुठ्ठ्यावरून कळत नाही : हे कोण? तेथे कागद थांबतो आणि ओळख सुरू होते. ही ओळख घरात कोणाकडे असते याचे उत्तर कोणत्याही मराठी कुटुंबात जवळजवळ एकच आहे. आजी, आत्या, मोठी काकू. याचे कारण भावनिक नाही, रचनात्मक आहे. लग्न होऊन आलेल्या स्त्रीला दोन घरे शिकावी लागतात. सासरच्या प्रत्येक नात्याचे संबोधन, मान, रुसवे आणि सणावारी द्यायचे वाण तिला लक्षात ठेवावे लागते, आणि माहेरचा गोतावळा तिच्यापाशी असतोच. मुलगा जन्मतः ज्या घरात असतो त्याची माहिती तो गृहीत धरतो. सुनेला ती मिळवावी लागते. म्हणून ज्या व्यक्तीला तक्त्यात एक ओळ मिळाली तीच चित्रातील वीस चेहरे ओळखू शकते. चुलत सासूबाईंच्या बहिणीचा चेहरा ओळखणारी व्यक्ती तक्त्याच्या रेषा ओलांडून पाहत असते. संपादक तिच्याकडून नावे घेतात आणि ग्रंथात ‘अमुक यांजकडून माहिती मिळाली’ असे कुटुंबप्रमुखाचे नाव छापतात. साधनाचा निर्देश येथेच चुकतो.

अर्थात ओळख ही निर्दोष नव्हे. एकच चित्र दोन बहिणींना दाखविल्यास दोन नावे पुढे येऊ शकतात. कर्तबगार पूर्वजाचा चेहरा अनेक चित्रांत ‘सापडू’ लागतो. परंतु यावर उपाय साक्ष टाळणे हा नसून ती साक्ष म्हणून नोंदविणे हा आहे. कोणी ओळखले, केव्हा, चित्रातील व्यक्तीशी तिचे नाते काय, प्रत्यक्ष पाहिले होते की ऐकून माहीत आहे, आणि मतभेद असल्यास दोन्ही मते. मोडी कागदाच्या बाबतीत जी दक्षता राजवाड्यांच्या पिढीने शिकविली तीच येथे अपेक्षित आहे.

८. ‘स्मृतिचित्रे’चा निकष

घराण्याचे वृत्त स्त्रीच्या जाणिवेतून आले तर त्याचे रूप कसे होईल, याचे उत्तर मराठीत उपलब्ध आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची चर्चा धर्मांतर, दांपत्यजीवन आणि विनोद या अंगांनी भरपूर झाली आहे. त्याकडे कुटुंबवृत्त म्हणून पाहिल्यास दोन गोष्टी ठळक होतात.

पहिली गोष्ट मातुल घराण्याची. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावानंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याने टोक गाठले. सगळ्या घरावर त्या सोवळ्याची छाया पडली. पितृवंशाच्या कुलवृत्तांतात या आजोबांना स्थान नाही, कारण ते दुसऱ्या आडनावाचे. म्हणजे घराला घडविणारी सर्वांत निर्णायक घटना घराण्याच्या ग्रंथात येऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट स्थळाची. नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त राजनांदगाव संस्थानात गेले. नागपूरहून तिकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी झालेली भेट त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. कुलवृत्तांताच्या भाषेत हे सर्व ‘काही काळ राजनांदगाव येथे नोकरी’ एवढ्यात मावेल. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात मात्र परमुलखातील बिऱ्हाड हे बिऱ्हाड म्हणून येते : माणसे, भाषा, भीती आणि फजिती यांसह. स्थलांतर ही तारीख नसून दिनक्रम असतो हे तेथे कळते. याचा अर्थ प्रत्येक कुलवृत्तांत ‘स्मृतिचित्रे’ व्हावा असा नाही. तशी अपेक्षा अन्यायाची ठरेल. निकष एवढाच की, जे वृत्त ‘स्मृतिचित्रे’ सांगू शकते ते नाकारणारा साचा ‘संपूर्ण’ असल्याचा दावा करू शकत नाही.

९. समारोप

या विवेचनातून कुलवृत्तांत टाकाऊ ठरत नाही. मराठी समाजाने स्वखर्चाने, स्वयंसेवेने आणि चिकाटीने उभे केलेले ते दप्तर आहे, आणि त्यातील तपशील पुढील संशोधनाचा आधार राहतील. मात्र त्याचे केंद्र हलविण्याची गरज आहे. मूळ पुरुषाऐवजी आजचे घर केंद्रस्थानी धरले तर शोधाची दिशा बदलते. रायपूरच्या घरातून मागे जाणारा संशोधक पितृवंशाबरोबर मातृवंशाकडेही जाईल, मराठी रूपाबरोबर हिंदी रूपही टिपेल, आणि ‘येथे वृत्त नाही’ असे म्हणण्याआधी मिसल, दाखिल-खारीज, तीर्थोपाध्यायाची वही आणि पत्र्याच्या पेटीतील छायाचित्रे पाहील. उरल्याच्या कामगारवस्तीतील घराला मूळ पुरुष सांगता येणार नाही. पण आजी, शाळेचा दाखला आणि लग्नातील एक समूहचित्र तेथे असू शकते. त्या घराचा कुलवृत्तांत तेवढ्यावर सुरू होऊ शकतो, आणि त्याचे मोल सनदेवर आधारलेल्या वृत्तांताहून कमी नाही.

या कामाला काळाची मर्यादा आहे. कागद आगीतून वा वाळवीतून वाचला तर शंभर वर्षांनीही वाचता येतो. मोडी पुन्हा शिकता येते. चेहरा ओळखणारी व्यक्ती गेल्यावर छायाचित्र शाबूत असूनही मुके होते, आणि ते नुकसान कोणत्याही अभिलेखागाराला भरून काढता येत नाही. फोर कोर्ट्सची आग एका दिवसाची होती, तिची तारीख इतिहासात नोंदली गेली. घरोघरी होणारा हा दुसरा नाश नोंदीशिवाय चालू आहे. तो थांबविण्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. चित्र, पेन्सिल आणि समोर बसलेली आजी एवढी सामग्री आरंभाला पुरेशी आहे. साक्षीदार म्हणून तिचे नाव चित्राच्या पाठीवर प्रथम लिहिले जावे, हीच या चिकित्सेची किमान मागणी.